साडूच्या हातावरचा ससाणा

अख्ख्या दोह्यात मी ज्याच्यावर मनापासून जळतो असा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा! जळायला लोक काय कमी आहेत? द पर्लसारख्या श्रीमंत वस्तीत राहायला गेलेले आहेत, माझ्यामागून येऊन माझेच मॅनेजर झालेले आहेत. त्यांचं मला काही वाटत नाही. पण बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा रत्नागिरीहून ड्रायव्हर म्हणून आला आणि आज एका म्हाताऱ्या कतारी कफीलाचे, म्हणजे त्याला व्हिसा देणाऱ्या मालकाचे, सहा शिकारी ससाणे सांभाळतो. त्या बाबांच्या मजलिशीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, मांडी ठोकून कहवा पितो. मी एकोणीस वर्षं इथल्या बिन महमूद भागात राहतोय, मला कुणा कतारी माणसाने कधी उंबऱ्याच्या आत बोलावलं नव्हतं. ऑफिसात फाइल द्यायची, शुक्रान म्हणायचं, खलास.

बरं, माणूस म्हणाल तर नुसती वल्ली. नवा ससाणा माणसाळवायचा तर दिवसदिवस हातावर घेऊन हिंडावं लागतं, म्हणून हा शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतो तोही ससाण्यासकट. डाव्या हातावर पक्षी, उजव्या हाताने बिर्याणी, आणि मध्येच दटावणी, "गप बस रे, लोकांच्या घरात आलाव आपण!" मला इंग्रजीत उत्तरं देणारी माझी पोरं त्या पक्ष्याशी मात्र लाडेलाडे मराठीत बोलतात. आता बोला! शिवाय त्या ससाण्यांना स्वतःचे पासपोर्ट आहेत आणि मेले माझ्यापेक्षा जास्त देश फिरलेत. ससाण्याचं रोज सकाळी वजन करतात, जड झाला तर तो शिकारीला उडत नाही. एकदा दारातच मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून साडू म्हणाला, "भाई, आज तुम्ही काय उडायचे नाय." बायको हसून हसून बेजार झाली.

एका शुक्रवारी मी त्याला कोंडीत पकडायचं ठरवलं. म्हटलं, "मुक्या पाखराला मौजेसाठी मारायचं, हे पाप नाही का रे?" ससाणे ज्याची शिकार करतात तो हुबारा, म्हणजे आपल्या माळढोकाचा लहान भाऊ, जवळजवळ संपत आलाय, हे मी कुठेतरी वाचलं होतं. साडू शांतपणे हाड चोखत म्हणाला, "संपवला शिकाऱ्यांनीच, भाई, खोटं कशाला बोलू? पण आज अंडी उबवून, पिल्लं वाढवून रानात सोडतोय कोण? तेपण शिकारीच. मोसम ठरलेला, परवाना ठरलेला. ज्याला ससाणा उडवायचा हाय, त्याला हुबारा उद्या पण लागतो ना! आणि ससाण्यांच्या टोप्या शिवणारा, तंबूवाला, पक्ष्यांचा डॉक्टर, मी, सगळ्यांच्या चुली त्याच्यावरच पेटतात." मी आणखी रायतं मागितलं.

या हिवाळ्यात तर कहरच झाला. वाळवंटातल्या शिकारीच्या तळावर बाबा त्याला पहिल्यांदाच ड्रायव्हर म्हणून नव्हे, ससाणा उडवणारा म्हणून नेणार होते. सहा वर्षं त्याने याचीच वाट पाहिली होती. निघायच्या आठवडाभर आधी त्याने माझ्यासाठी शब्द टाकला आणि बाबांनी मला कहव्याला बोलावलं. मी नवा शर्ट घातला. मजलिशीत साडूच्या हातावर तो डौलदार पक्षी पाहिला आणि मला राहवेना. "जरा माझ्या हातावर दे ना," म्हटलं. त्याने मला हातमोजा घातला, पक्षी बसवला, त्याच्या पायाची दोरी माझ्या बोटांत गुंतवली आणि बजावलं, "डोळ्यांवरची टोपी काढू नका हां, भाई." तेवढ्यात बाबांनी आतून हाक मारली.

तो आत गेला आणि मी टोपी काढली. फोटोत डोळे नकोत का दिसायला? समोर मोबाइल धरलेला अनोळखी चेहरा पाहून पक्षी उसळला, दोरीला उलटा लोंबकळला आणि मेजावर फडफडून त्याच्या शेपटीची दोन पिसं मोडली. साडू धावत आला. आधी पक्ष्याला सावरलं. मागोमाग बाबा आले. कुणाच्या हातून झालं, असं त्यांनी विचारताच साडू म्हणाला, "माझ्या." त्या घरचा रिवाज आहे, ज्याच्या हातावर पिसं मोडली तो त्या मोसमात तळावर जात नाही. साडूने खाली बसून, जपून ठेवलेली जुनी पिसं बांबूच्या काडीने त्या शेपटीला जोडली आणि पक्षी तळावर जाणाऱ्या दुसऱ्याच्या हातावर दिला.

खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. गाडीत बसल्यावर मात्र मीच विषय काढला. "मी बाबांना खरं सांगतो," म्हटलं. तो रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "नको भाई. तुम्हाला किती दिसांपासून तिथे यायचं होतं, मला काय ठाऊक नाय? खरं कळलं तर परत नाय बोलावणार तुम्हाला."

म्हणजे माझी जळजळ त्याला पहिल्यापासून ठाऊक होती, आणि तरी त्याने शब्द टाकला होता.

परवा सगळे तळावर निघतील. साडू घरी आहे, रिकामा डावा हात उगीचच कोपरात दुमडून धरतो. मी उद्या सकाळी बाबांकडे जातोय, न बोलावता. ते त्याला नेतील, इन्शाल्ला. मला मात्र पुन्हा बोलावणार नाहीत, आणि त्याचा हेवा करायचं माझं काही सुटणार नाही. फक्त आता तो हेवा मजलिशीचा उरलेला नाही, त्याच्या त्या 'माझ्या' म्हणण्याचा आहे.