अनुभवाचा दाखला

स्वतः निर्णय घ्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या बापालाही घेऊ द्यायचा नाही, ही कला आमच्या मालकांइतकी साधलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणी दाखवावा, मी त्याच्याकडे आयुष्यभर फुकट नोकरी करीन. एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली आमची कंपनी. कंपनी म्हणायचं आपलं; बारा माणसं, दोन वेल्डिंग मशीन आणि एक ऑफिस, त्या ऑफिसात मी. ट्रॅक्टरला जोडायची पेरणी यंत्रं आम्ही बनवायचो. मालक मूळचे झरीचे. पांढरा सदरा, कपाळावर चढवलेला चष्मा आणि कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा, की माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. स्टोअरची किल्ली त्यांच्याकडे, चहापत्तीच्या कपाटाची त्यांच्याकडे, आणि पंख्याच्या बटणाला कुलूप लागत नाही म्हणून तो किती नंबरवर ठेवायचा हेही तेच सांगायचे. बहिणीच्या नातवाच्या बारशाला पूर्णेला गेले, तर तिथून व्हिडिओ कॉल. मागे बायका पाळणा म्हणायल्यात आणि हे विचारायलेत, "माझ्या खुर्चीवर कोण बसलंय हो?" कुणी बसलेलं नसायचं. बसायची कुणाची हिंमत होती?

त्यांचं ठरलेलं वाक्य एकच. काहीही विचारा, चष्मा कपाळावरून नाकावर यायचा, कागद उलटसुलट पाहिला जायचा आणि मग, "बघू. पण मला इचारल्याबिगर हात लावू नका." या एका वाक्यावर आमची कंपनी चालली, म्हणजे जिथल्या तिथे चालली. एकदा पेरणी अगदी तोंडावर आलेली, आणि नव्या यंत्राला रंग लाल द्यायचा की निळा, यावर पंधरा दिवस 'बघू' सुरू. शेवटी एका सकाळी मालक लाल म्हणाले. रंगकाम करणारे रहीमचाचा अर्धं यंत्र लाल करून जेवायला बसले, तोवर मालक निळ्यावर आले. चाचांनी मुकाट्यानं उरलेलं अर्धं निळं केलं आणि विचारलं, "मालक, हे पेरणी यंत्र हाय का पोळ्याचा बैल?" मालकांचा चेहरा उतरला. पण संध्याकाळी पेडगावचा एक शेतकरी आला आणि बाकीच्या यंत्रांकडे ढुंकूनही न बघता तेच घेऊन गेला. वर म्हणाला, "लांबून वळखू येतंय, कुणी नेलं तरी सापडंल." पुढचे दोन महिने मालक या शहाणपणाचं श्रेय घ्यावं की घेऊ नये, याचा विचार करत होते.

आता मी हसून सांगतोय, पण तेव्हा डोकं उठायचं. त्यात बायकोला लातूरला दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. ती चार वर्षांच्या पोरीला घेऊन तिकडे आणि मी परभणीत एकटा, स्वतःच्या हातची करपलेली खिचडी खात. रविवारी तेवढा जायचो. एका रविवारी पोरीनं दार उघडलं, मला बघितलं आणि आत ओरडून आईला सांगितलं, "आई, परभणीचे पप्पा आले." जणू लातूरला दुसरे होते. बायको हसली, मला काही हसू आलं नाही. त्याच आठवड्यात मी तिथल्या एका कारखान्यात अर्ज टाकला आणि जागा मिळालीही. अट एकच होती: शनिवारी सकाळी दहाच्या आत जुन्या मालकाचा अनुभवाचा दाखला आणून द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

सोमवारी मी चार ओळींचा दाखला टाईप करून मालकांपुढे ठेवला. त्यांनी 'काम केले'चं 'चांगले काम केले' केलं. मंगळवारी 'चांगले' खोडून 'प्रामाणिकपणे' घातलं. बुधवारी तेही खोडलं. "एकट्याला प्रामाणिक लिव्हलं तर बाकीचे चोर हायेत का, असं वाटंल की." गुरुवारी डावीकडचा समास वाढवून घेतला. शुक्रवारी दुपारी मी नववी प्रत नेली, तर चष्मा नाकावर आला आणि पुन्हा तेच, "बघू."

आठ वर्षांत मी पहिल्यांदा आवाज चढवला. "मालक, माझी पोरगी मला पाहुणा समजायली. द्यायचा नसंल तर नाही म्हणा, पण बघू म्हणू नका."

बाहेरचं वेल्डिंग थांबलं. मालकांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. मग हळू आवाजात म्हणाले, "सही केली की तुमी जायलात ना, गजाननराव. म्हणून होईना गेलंय."

माझ्या रागाचं पार पाणी झालं. संध्याकाळी त्यांनी एक पाकीट हातात ठेवलं, डिंकानं चिकटवलेलं, त्यावर कंपनीचा शिक्का दोनदा मारलेला. फोडायची सोय नव्हती. आत सही आहे की नुसता वाढवलेला समास, देव जाणे. लातूरच्या बसमध्ये ते पाकीट उजेडाकडे धरून धरून माझे हात दुखले.

शनिवारी कारखान्याच्या मॅनेजरनं ते माझ्यासमोर फोडलं. सही होती. वरच्या चार ओळी मी टाईप केल्या तशाच, खाडाखोड नाही. सहीच्या खाली मात्र मालकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'यांना तिकडे करमले नाही तर परत पाठवावे. यांची जागा भरायची नाही, असे ठरले आहे.'

"असला दाखला मी जन्मात बघितला नाही," मॅनेजर हसत म्हणाला. मी त्या 'ठरले आहे' कडे बघत राहिलो. सोमवारपासून या म्हणाला, तेव्हा कुठे मान वर करून हो म्हटलं.

आता पोरगी शाळेत जाते आणि मीच तिला सोडतो. रहीमचाचा फोनवर सांगतात, माझं टेबल अजून तसंच आहे, मालक कुणाला तिथं डबासुद्धा ठेवू देत नाहीत. मी काही परत जाणार नाही, आणि हे त्यांना एकदा स्पष्ट सांगायला हवं, दुसरा माणूस घ्या म्हणायला हवं. त्यासाठी मी दर महिन्याला त्यांना फोन लावतो. पाऊसपाण्याचं बोलतो, तब्येतीचं विचारतो, आणि ठेवून देतो.