आकारामतात्यांचं पथ्य

आमचे चुलते आकारामतात्या सांगलीच्या बाजारात गुळाचे दलाल. बाहत्तर साली डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं आणि आमच्या घराला पथ्य लागलं. तात्या चहा बिनसाखरेचा पीत आणि आम्हालाही तसलाच पाजत. संक्रांतीला तिळगूळ घेत नसत, गोडही बोलत नसत.

बाजारात मात्र सौद्याला आलेल्या प्रत्येक ढेपेचा खडा त्यांच्या तोंडात जाई. "ते खाणं न्हवं, काम हाय," असं त्यांचं म्हणणं.

मग हमालांचा संप झाला, सौदे थांबले. घरी बसून तात्या भिंतीवरही खेकसू लागले. शेवटी शालूकाकूंनी गुळाची अख्खी ढेप पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "आवं, जरा काम करा."

त्या दिवशी तात्यांनी ओव्हरटाइम केला.