चाचणी जुळेपर्यंत

इंदूताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कॉम्प्युटरच्या खोलीत एकट्याच उभ्या राहून मोठ्याने इंग्रजी वाचत होत्या. पुण्याबाहेर, भुकूमच्या पुढे पौड रस्त्याला आमची भूकंपमापनाची छोटी प्रयोगशाळा होती आणि मी तिथे नुकतीच रुजू झाले होते. मला वाटलं, बाई भाषणाची तयारी करतायत. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ये, बस. मॅन्युअल ऐक. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की माणूस ओळी गाळतो. तोंडानं वाचलं की गाळता येत नाही."

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं नवं यंत्र आमच्याकडे आलं होतं. त्याच्या खोलीत आम्ही चपला बाहेर काढून जायचो. परदेशातल्या एका विद्यापीठाने त्यासाठी एक टेप आणि जाडजूड मॅन्युअल पाठवलं होतं. टेपवर भूकंपाचं केंद्र शोधणारा प्रोग्रॅम होता. हादरा कुठल्या मोजणी-ठाण्यावर किती वाजता पोचला ते त्याला सांगायचं, मग हादरा कुठून आणि किती खोलवरून निघाला हे प्रोग्रॅम सांगणार. हल्ली असे प्रोग्रॅम बसवायला क्षणभर लागतो. तेव्हा तो आपल्या यंत्राला कळेल असा नव्याने घडवून घ्यावा लागे, आणि अडलं तर विचारायला जवळपास कोणी नसे. हे काम इंदूताईंचं.

त्या लवळ्याच्या. गावातल्या बौद्ध वस्तीत घर, वडील खडकीला कारखान्यात कामाला. गणितात एम. एस्सी. झालेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, केस घट्ट बांधलेले. ऑफिसात त्यांचं बोलणं अगदी छापील असे, पण मन गुंतलं की गावची बोली आपसूक यायची. बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची माहिती त्या स्वतः लिहून यंत्रावर ठेवत. पडद्यावर देवनागरी उमटत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. युनिक्सच्या अशा माहितीपानात शेवटी चुकांसाठी एक वेगळा मथळा असतो. ठाऊक असलेले दोष लिहिणाऱ्यानेच तिथे मांडायचे. त्यांना ते फार आवडलं होतं. "बघ की, आपली चूक सांगायला जागाच ठेवलीय ह्यांनी. आपल्याकडं कुटल्या कागदावर हाय अशी जागा?"

त्या हिवाळ्यात धरणाच्या काठावरच्या एका वाडीला हादरे बसू लागले. भांडी पडली, दोन-चार भिंतींना चिरा गेल्या, माणसं अंगणात निजू लागली. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी आमच्या डायरेक्टरसाहेबांना विचारलं, वाडी उठवायची का? उत्तर नव्या प्रोग्रॅमने द्यायचं होतं. इंदूताईंनी तो बसवला, मी ठाण्यांवरच्या वेळा भरल्या, आणि निकाल आला: केंद्र वाडीच्या बरोबर खाली, अगदी उथळ.

साहेब कागद घेऊन उठलेच. इंदूताई दारात उभ्या राहिल्या.

"सर, हा निकाल अजून देता येणार नाही. मॅन्युअलमध्ये सरावाचं एक उदाहरण दिलंय, उत्तरासकट. आपल्याकडे त्याची जागा जुळते, खोली जुळत नाही."

"कितीचा फरक आहे?"

"थोडा आहे."

"मग? इंदूताई, लोक थंडीत उघड्यावर झोपतायत. त्यांना काहीतरी सांगायला नको?"

साहेब वाईट नव्हते. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. इंदूताईंचा आवाज चढला. "त्या लोकांना एकदा पाण्यानं उठिवलंय, सर. त्यांच्या आज्या धरणाखाली गेलेल्या गावातनं डोक्यावर चूल घिऊन वर आल्या. आता ह्या आकड्यावर परत उठवायचं? उदाहरण जुळंस्तोवर ह्यो आकडा आपला न्हाईच."

साहेबांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी फोन उचलला आणि अधिकाऱ्यांकडून मुदत मागून घेतली.

इंदूताईंनी सगळं पुसून पुन्हा बसवलं. तरी तेच. मग त्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मोठ्याने वाचायला लागल्या आणि मला समोर बसवून मधले आकडे पाटीवर मांडायला लावले. अशाच एका दुपारी आम्हा दोघींचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा वेगळा निघाला. प्रोग्रॅमचा एक भाग पुन्हा पुन्हा वापरला जाई आणि मागच्या खेपेचा आकडा जागेवर असेल असं धरून चाले. ज्या जुन्या यंत्रावर प्रोग्रॅम लिहिला गेला, तिथे तो आकडा टिकून राहत असे. आमच्या यंत्रावर ती जागा दर वेळी मोकळी होई आणि तिथे भलताच आकडा येऊन बसे. इंदूताईंनी एक ओळ वाढवली. उदाहरण जुळलं. वाडीचा हिशेब पुन्हा केला, तेव्हा खोलीबरोबर जागाही सरकली आणि केंद्र वाडीपासून दूर, निर्मनुष्य डोंगराखाली खूप खोल गेलं.

वाडीच्या शाळेच्या पटांगणात सभा झाली. साहेब थोडक्यात बोलले आणि त्यांनी इंदूताईंना पुढे केलं. एक म्हातारी उठली. "बाई, हादरा परत येनार का न्हाई, त्येवढं सांग."

"त्ये मला न्हाई सांगता येत, आजी. कुनालाच येत न्हाई. कुटनं येतोय, त्येवढं कळलंय. तुमच्या खालनं न्हाई येत. वाडी सोडायचं कारन न्हाई."

"मग घरात निजायचं का भाईर?"

"चिरा गेलेल्या भिंतीपाशी निजू नका. ती आधी उतरवा. बाकी घरात निजा, थंडी लई हाय."

म्हातारी खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "ठावं न्हाई म्हनली. म्हंजी बाकीचं खरं आसंल." हादरे पुढे महिनाभर येत राहिले, मग थांबले. वाडी जागेवरच राहिली.

दोन वर्षांनी इंदूताईंना दिल्लीला मोठी जागा मिळाली. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि माझ्यादेखत तो अख्खा प्रोग्रॅम यंत्रावरून काढून टाकला.

"आता तू बसव," त्या म्हणाल्या. "टेप हाय, मी लिवलेलं हाय. मी कँटीनला बसते."

"ताई, तुम्ही जवळ थांबा ना."

"मी हाय म्हनून चालतंय, त्याला काय अर्थ? मी नसताना चालाया पायजे."

मी त्यांनी लिहिलेलं मोठ्याने वाचत एकेक पायरी करत गेले. दुपारी एका ठिकाणी अडकले. काही केल्या पुढे जाईना. शरमेने कँटीनमध्ये गेले आणि म्हणाले, "ताई, मला जमत नाहीये."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. "कुटं अडकलीस? दाव." आम्ही आत आलो. त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. "तुला जमत न्हाई आसं न्हाई. हितं माझं लिवनं कमी पडलंय. मला ठावं व्हतं म्हनून मी एक पायरी लिवलीच न्हाई." खुर्ची ओढून त्यांनी ती पायरी लिहिली, मला वाचायला लावली, मी केली, आणि गाडी पुढे सरकली. मग त्यांनी पर्स उचलली.

"उदाहरण जुळेपर्यंत तरी थांबा," मी म्हटलं.

"कशाला? जुळंल न्हाईतर न्हाई जुळनार. दोन्हीत काय करायचं त्ये तुला ठावं हाय," असं म्हणून त्यांनी दाराबाहेरच्या चपला पायात घातल्या आणि रस्त्यावर जाऊन समोरून येणाऱ्या एसटीला हात केला.