दीपमाळ हलली तेव्हा

गणपतकाकांना चूक दाखवणारा माणूस आमच्या वाडीत अजून जन्माला यायचा आहे. वय पासष्ट, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. ते माझे सख्खे काका नव्हेत, शेजारी. मी प्राजक्ता. वेंगुर्ल्याला शाळेत शिकवते आणि हंगामात दर रविवारी त्यांच्या होडीतून पर्यटकांना बेटं दाखवायला जाते. होडी ते हाकतात, इतिहास मी सांगते. तोही ते मध्येच थांबवून दुरुस्त करतात. सनावळ्या त्यांना येत नाहीत, पण म्हणून काय झालं!

बेटं म्हणजे वेंगुर्ला रॉक्स. भर समुद्रात उठलेली दगडांची रांग. इंग्रजांनी नकाशात त्यांना 'जळकी बेटं' म्हटलं. एका बेटावर दीपगृह, दुसऱ्याच्या गुहेत पाकोळ्या. त्या आपल्या लाळेने घरटी बांधतात आणि त्या घरट्यांची परदेशात चोरटी विक्री व्हायची, हे ऐकलं की पेंगणारा पर्यटकही ताठ बसतो. वेंगुर्ल्याच्या डच वखारीपर्यंत मी पोचते तोवर मात्र निम्मे लोक पुन्हा पेंगलेले असतात.

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार होता. पावसाळ्यानंतर काकांची होडी पहिल्यांदाच समुद्रात उतरत होती. होडीत नऊ पर्यटक. त्या दिवशी काकांचा मुलगा सुशांत मासेमारी सोडून रिकामी होडी घेऊन आमच्या मागून आला. का, ते सांगेना.

"डिझेल फुकट जाळता मेलो," काका म्हणाले.

बेटं बघून परत फिरलो तेव्हा वारा वाढला होता आणि ओहोटी लागली होती. आमच्या वाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक मोठा खडक आहे. भरतीला त्याच्यावरून खुशाल जावं. ओहोटीला वर जेमतेम हातभर पाणी उरतं. तो चुकवायची खूण काकांना त्यांच्या वडिलांनी दाखवलेली. देवळासमोरची पांढरी दीपमाळ आणि मागच्या टेकडीवरचा फणस एका रेषेत आले, की सरळ आत शिरायचं. चाळीस वर्षं काका त्याच रेषेवरून घरी येत होते. सुशांतने एकदा होडीत जीपीएस बसवलं, तर आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

दीपमाळ फणसाखाली आली. काकांनी वेग वाढवला. मला समोर पाणी विचित्र उसळताना दिसलं.

"काका, फुडे पाणी फुटता बघा."

"तू तुजो इतिहास सांग."

मी पर्यटकांकडे वळले, इतक्यात होडीच्या बुडाखाली कर्रकन आवाज झाला आणि सगळे एकमेकांवर आदळलो. एक बाई लेकराला छातीशी धरून किंचाळली. बुडाला चीर पडून पाणी आत येऊ लागलं. काकांनी होडीचं मशीन पाण्यातून वर उचललं, वल्ह्याने खडकाला रेटा दिला. मी बादलीने उपसत होते, पण पाणी घोट्यावर चढलंच. मग एक मोठी लाट आली, तिने होडी उचलली आणि खडकापलीकडे सोडली.

काका देवळाकडे बघत राहिले.

"दीपमाळ," एवढंच म्हणाले.

माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. उन्हाळ्याच्या शेवटी, होड्या ओढून ठेवल्यावर, नव्या सभामंडपाला जागा हवी म्हणून जुनी दीपमाळ उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तीस हातांवर, नव्याने बांधली होती. देवस्थान समितीचे अध्यक्ष कोण? गणपतकाका. ठराव कोणी मांडला? त्यांनीच. मंडपाचा नारळ फोडताना समुद्रातली आपली खूण त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती.

आणि मागून सुशांतची होडी येत होती, थेट आमच्या दिशेने.

"सुशांता! थांब! थंयच थांब!" काका ओरडले. वाऱ्याने आवाज मागे ढकलला. मी ओढणी फडकवली. काका दोन्ही हात हलवत होते. एवढ्या रागीट माणसाला मी पहिल्यांदाच भ्यालेलं बघितलं.

सुशांतने होडी डावीकडे वळवली, खडकाला लांबून वळसा घातला आणि आमच्याजवळ येऊन दोर फेकला. सगळ्यांना त्याने आपल्या होडीत घेतलं, आमची होडी ओढत किनाऱ्याला आणली.

पर्यटक गेल्यावर काकांनी विचारलं, "तुका म्हायत होता?"

"नारळी पुनवेक जाळी टाकूक गेलंय तेवाच समाजला. मी नवी खूण धरलंय."

"मगे माका सांगूक काय झाला होता?"

"सांगूक इल्लंय. तुमी जेवत होतास. 'खूण' म्हटलंय आणि तुमी ताट सारून उठलात. 'बापाक शिकवतंस?' म्हणालात." सुशांतचा आवाज चढला. "आज रिकामी होडी घेऊन मागसून कित्या इलंय, ता इचारा."

मला दोघांचाही संताप आला. लेकरू होतं होडीत! बापाचा मान राखायला यांनी नऊ माणसं पणाला लावली, आणि मीसुद्धा काकांच्या एका शब्दाला गप्प बसले.

काकांनी ओल्या धोतराचं टोक पिळलं.

"चल," ते म्हणाले. "होडी काढ. तुजी खूण माका दाखय."

सुशांतने होडी पाण्यात लोटली. काका चढले आणि मशीनपाशी न जाता पुढच्या फळीवर, पर्यटक बसतात तिथे, जाऊन बसले.