तात्यांचं लोखंडी पिस्तूल आणि आमचं प्लॅस्टिकचं

काल खंडेनवमी. कोयता, खुरपी, विळे, फवारणीचा पंप सगळं धुऊन पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि मधोमध ठेवलं एक गंजकं टिकल्यांचं पिस्तूल... खेळण्यातलं!

पुतण्याच्या नव्या बायकोला हसू आवरेना. म्हटलं, हस बाई, मीही अशीच हसले होते... मग माझीच बोबडी वळली.

आमची वस्ती आळेफाट्यापासून बरीच आत, तिन्ही बाजूंनी ऊस. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, नव्वदच्या दशकात कधीतरी हे पिस्तूल जत्रेतून आणलं, माकडं हाकलायला. लोखंडी, जड आणि महा खोडकर. चाप ओढला की दोनदा नुसतं खट् करायचं आणि तिसऱ्यांदा कानठळ्या बसवायचं, कारण तात्या घोड्याखाली कागदी टिकल्यांच्या दोन-तीन घड्या कोंबायचे.

दोन हजार सालानंतर आमच्याकडे वाघ वाढले. बिबट्याला आम्ही वाघच म्हणतो. ऊसच त्यांचं घर झालं, आणि ऊस तर आमच्या अंगणाला लागून... मग ह्यांनी माझ्यासाठी फाट्यावरून नवं पिस्तूल आणलं.

काळं, प्लॅस्टिकचं, हातात घेतलं तरी कळू नये इतकं हलकं. टिकल्यांची लाल चकती बसवायची आणि चाप ओढायचा, वाजणार म्हणजे वाजणारच. मी तर लई खूश! तात्यांच्या त्या डबड्याची मी येता-जाता टिंगल करायचे.

संध्याकाळी बांधापलीकडून शेळ्या आणायचं काम माझं. लोडशेडिंगची वेळ ठरलेली, म्हणून लाइट जायच्या आत रोज त्याच वेळी निघायचं. उसाच्या कोपऱ्यावर उभं राहून फट् फट् वाजवायचं, वाघ असेल तर पळाला असं समजायचं आणि शेळ्या घेऊन परत यायचं. चार वर्षांची लेक पदर धरून बरोबर असायचीच.

तात्यांना हे मुळीच पटायचं नाही. "पोरी, रोज एकाच येळंला, एकाच जागी वाजवू नगं. जनावराला आपली येळ कळता कामा नये," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्याला आपल्या जुन्या पिस्तुलाचा पुळका आलाय.

त्यानंतर ते रोज माझ्या मागून यायला लागले. पाटाचं पाणी बघायचं निमित्त, पण कमरेला ते लोखंडी धूड खोचलेलं. मला मेला इतका राग यायचा... सासऱ्यानं सुनेवर अशी पाळत ठेवावी का?

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडत होती आणि मला दिसत नव्हती. माझं पिस्तूल वाजलं की आमचा कुत्रा मोती शेपूट घालून बैलगाडीखाली शिरायचा. आवाजाला भितो, असं मी म्हणायचे. पण तात्यांचं त्याहून मोठ्यानं वाजायचं, तेव्हा हाच मोती खुशाल झोपलेला असायचा.

मधे एक करडू नाहीसं झालं. आळ मोकाट कुत्र्यांवर गेला.

एकदा टिकल्या सादळल्या, म्हणून न वाजवताच गेले. मोती उड्या मारत बरोबर आला, शेळ्या मुकाट आल्या, कुठे काही नाही. दुसऱ्या दिवशी नवी चकती घातली आणि कोपऱ्यावर वाजवली... मोती लेकीच्या पायांत शिरला आणि थरथरायला लागला.

उसात वाळल्या पानांचं पाचट वाजलं. वारा तर अजिबात नव्हता. मी उभी राहून ऐकत होते, आवाज आता लांब जाईल, आता जाईल... तो जवळ येत होता. घाबरून मी परत चाप ओढला, तर तो आणखी भरभर यायला लागला. हाक मारल्यावर माणूस येतं ना, तसा.

मी लेकीला उचलून कडेवर घेतलं. ती उसाकडे बघून हसत होती.

"आई, अजून एकदा वाजव ना. वाजवलं की येतो तो."

पोरगी रोज त्याला बघत होती... आणि मीच रोज त्याला बोलवत होते.

तेवढ्यात मागून खट् झालं. परत खट्. तिसऱ्यांदा असा दणका बसला की शेळ्या चौखूर उधळल्या, आणि उसातली सळसळ लांब लांब जात विरून गेली. तात्या घामानं निथळत उभे होते. त्यांनी नातीला माझ्याकडून घेतलं आणि ते पुढे चालायला लागले.

सकाळी फॉरेस्टवाले आले. उसात दोन सऱ्या आत त्यांनी जागा दाखवली. पाचट दाबून दाबून गुळगुळीत झालेलं, त्यावर केस. बरेच दिवस बसत असणार, म्हणाले.

मला काय वाटलं कोण जाणे, मी त्या जागेवर खाली बसून समोर बघितलं. शेळ्यांची जागा तिथून दिसतच नव्हती, मधे बांध होता. दिसत होता आमचा ओटा, आणि लेकीचा झोका.

मी ते प्लॅस्टिकचं पिस्तूल त्याच दिवशी चुलीत घातलं. पिंजरा लागला, ऊसही तुटला, पण झोका परत त्या जागी बांधला नाही.

लेक आता अवसरीला इंजिनिअरिंगला आहे. तिला यातलं काही आठवत नाही, आणि मी आठवण करून देत नाही. काल सुट्टीला आली होती, तर लोखंडी पिस्तुलाला झेंडूचं फूल तिनंच वाहिलं.

तात्या, त्या दिवशीही तुमचं डबडं दोनदा नुसतं खट् झालं होतं. तिसऱ्यांदा वाजलं, म्हणून फूल वाहायला माझी लेक आहे.