मला कुणी आगाऊ म्हणेना

चारकोपच्या आमच्या सेक्टरात सासूबाईंनी आगाऊ म्हटलं नाही असा एकच जीव उरला होता, तो म्हणजे मी. नवरा आगाऊ, दीर आगाऊ, सोसायटीचा सेक्रेटरी महाआगाऊ, आणि खिडकीवर चोच आपटून पोळी मागणारा कावळा तर सेक्रेटरीचाही बाप. "आगाव खंयचो" अशी त्यांची मालवणी आरोळी उठली की गोराईच्या खाडीतले मासे तळाला जाऊन बसत.

माझ्याशी मात्र त्या बक्षीस समारंभातल्या निवेदिकेसारखं शुद्ध मराठी बोलायच्या. राहू दे हं बाळा, दमली असशील. मी जालन्याकडच्या बौद्ध घरातली, त्या कोकणातल्या. लग्नाला होकार यायला इतका वेळ लागला की तेवढ्यात मेट्रोची अख्खी लाइन बांधून झाली. त्यामुळेच असेल, घरात सगळे मला लोणच्याच्या बरणीसारखं जपत.

माझ्या माहेरी आगाऊ हा शब्द मी चहाबिस्किटासारखा खाल्लाय. उद्धट माणूस वेगळा. तो समोरच्याला मोजतच नाही. आगाऊ माणूस समोरच्याला आपला समजतो, म्हणून तर न विचारता तोंड घालतो. उद्धटाला लोक दार दाखवतात. आगाऊला गप बस म्हणतात आणि तो पुढे काय बोलतो म्हणून कान टवकारतात. हा शब्द सासरी मिळेना, तोवर मी आपली पाहुणीच.

एका रविवारी सकाळी मामेसासूबाई आल्या. स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता सासूबाईंनी ठेवणीतली गोष्ट काढली: त्यांच्या वडिलांनी धरलेली सुरमई. या खेपेला ती बैलगाडीतून घरी आली, आणि बाहेर लोंबणाऱ्या शेपटीने रस्त्यावर चर पडला. सगळे माना डोलवत होते. माझं तोंड उघडलंच.

"आई, गणपतीत ती दाराएवढी होती. आता बैलगाडी लागली. दिवाळीला ट्रक मागवावा लागेल."

हात थांबले. पंखासुद्धा थांबला, शपथेवर सांगते. माझ्या डोळ्यांपुढे जालन्याची एसटी येऊन उभी राहिली, कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर.

सासूबाईंनी चष्म्यावरून मला नीट पाहिलं. मग मामेसासूबाईंकडे वळल्या. "बघलंस? ह्यां पोर किती आगाव झालां ता." आणि मला, "शेपटी मोजूक गेललंस काय गो? ऊठ, नारळ खवून दी. सोलकढी काय तुझो घोव करतलो?"

मी इतक्या जोरात नारळ खवला की खालच्या मजल्यावर भूकंपाची चर्चा सुरू झाली.

मामेसासूबाईंनी हळूच विचारलं, पण मासा खरंच केवढा होता? सासूबाईंनी सुरीनं माझ्याकडे खूण केली. "तिका इचार."

मी खवणीवरून मान न उचलता सांगितलं, बैलगाड्या दोन लागल्या होत्या.