आधी जाहीर कर

आजवर कुणाला सांगितलं नाही, पण माझ्या आत्येभावाची, म्हणजे दादाची, सगळ्यात जास्त टिंगल मीच केली, तीही पाठीमागे. तशी ती न करणं कठीणच होतं म्हणा. जाहीर केल्याशिवाय हा माणूस शिंकतसुद्धा नसे. कणकवलीत एका खोलीत आम्ही दोघं डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहायचो. तिथे नियमच असा, की कुठलाही व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा डबा, वापरण्याआधी जाहीर करायचा. नाव काय, आत अंक राहणार की अक्षरं, आणि जास्तीत जास्त किती. कॉम्प्युटर बंद झाला की लोक हा नियम विसरतात. दादाने तो घरी नेला. बाजाराची एक पिशवी त्याने सुक्या मासळीची म्हणून जाहीर केली होती. एकदा ताजे बांगडे मिळाले, तर रिकामी पिशवी खांद्याला आणि बांगडे शेपटीला धरून हा एसटी स्टँडसमोरून मिरवत घरी आला. वहिनीने विचारलं, "पिशयेक काय झाला?"

"तिचो प्रकार येगळो."

"आनि तुमचो खंयचो?"

कामात त्याचं एकच पालुपद. "माप आपण ठरवू नको रे. टेबलाक इचार." टेबल म्हणजे डेटाबेसमधला माहितीचा तक्ता. व्हेरिएबल नावासाठी असेल, तर आकडा न घालता 'टेबलातल्या नावाच्या रकान्यासारखा' एवढंच लिहायचं. उद्या रकाना रुंदावला की तोही आपोआप रुंदावतो. किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीचं काम करताना मी कंटाळा केला आणि आकडा ठोकून दिला. पुढे दादाने बोटींच्या नावांचा रकाना वाढवला, तसा माझा प्रोग्रॅम लांब नावांवर अडू लागला. माप सुधारायचं सोडून मी नावाचं शेपूटच कापायची सोय केली. बोटींची कार्डं तशीच छापली गेली.

'सातेरी कृपा आई जयवंती' या बोटीचा देवबागचा मालक कार्ड नाचवत खोलीत शिरला. कार्डावर नुसतंच 'सातेरी कृपा आई'. "ही खंयची आई? माझी खंय गेली?" जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन त्याच्या आईने, जयवंतीने, मासे विकले, तेव्हा ती बोट पाण्यात उतरली होती. दादाने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि हात जोडले. "माप माझा चुकला, तात्यानू. तुमची आवस आजच परत हाडतंय."

त्याने माझी एक ओळ बदलली आणि कार्ड नव्याने छापलं. पण 'त्याका माप कळणा नाय' असं सोसायटीत झालं, आणि पुढचं काम दुसरीकडे गेलं. माप कळत नाही, आणि ते दादाला! तो मला एका शब्दाने बोलला नाही.

आता तो जामसंड्याला असतो. गेलो की चहाआधी विचारतो, "कप अर्धो काय भरलेलो?" मी "भरलेलो" म्हणतो, पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि परत येतो. सोसायटीत उभं राहून, त्या बोटवाल्यासमोर, ती चूक दादाची नव्हती, माझी होती, एवढं सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.